१९६५ च्या मस्टँगचे इंजिन मुळात कोणत्या रंगाचे होते?

ओतीव_लोखंड

नमस्कार. माझ्याकडे १९६५ च्या मॉडेलची फोर्ड मस्टँग हार्डटॉप आहे आणि तिच्यात २८९ घन इंचांचे, दोन बॅरल कार्बुरेटरचे व्ही-८ इंजिन आहे. गाडी घेतली तेव्हा इंजिन नखशिखान्त निळे होते. ब्लॉक, हेड, चेंबर (तळाचे तेलाचे भांडे), टॅपेट कव्हर (हेडवरचे पत्र्याचे झाकण), एअर क्लीनर, इतकेच काय, पंख्याच्या पुलीचे बोल्टही निळे. आधीच्या मालकांनी एका गॅरेजमध्ये इंजिन उघडून घेतले होते आणि त्याच वेळी ते 'मूळच्याच रंगात' रंगवले, असे त्यांनी मला सांगितले होते. फोर्डचे इंजिन म्हणजे निळे, हे मीही इतक्या वेळा ऐकले होते की शंका घेण्याचे कारणच नव्हते.

गेल्या आठवड्यात डाव्या बाजूच्या इंजिन माउंटिंगचे रबर फाटले म्हणून ते काढले. रबराला जोडलेली लोखंडी पट्टी ब्लॉकपासून सुटी झाली आणि तिच्याखाली तळहाताएवढा काळा चौकोन दिसला. तेलाचा किंवा काजळीचा थर असेल म्हणून तो आधी डिझेलने आणि मग साबणाच्या पाण्याने पुसला. फडके स्वच्छ निघाले, काळा तसाच राहिला आणि त्यावर जुन्या रंगाला असते तशी मंद चकाकी आली. चौकोनाच्या कडेला जिथे निळा थांबला होता तिथे नख घातले, तर निळ्याची पापडी उचलली गेली आणि तिच्याखालीही काळाच निघाला.

मागच्या सीलमधून तेल गळत असल्यामुळे इंजिन बाहेर काढावे लागणारच आहे, तेव्हा रंगाचाही निकाल लावून टाकावा असे वाटते. माझे इंजिन मुळात काळे होते का? असेल तर ते पूर्ण काळे होते का? आणि हे कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर इंजिनावरूनच कसे ठरवायचे?

अर्धाइंच_पाना

तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर रंगात नसून तारखेत आहे. फोर्डने सरसकट निळा रंग १९६६ च्या मॉडेलपासून सुरू केला. त्याआधी मस्टँगचा ब्लॉक काळा असे आणि टॅपेट कव्हर व एअर क्लीनर यांचा रंग इंजिनाच्या प्रकारानुसार बदलत असे. १९६५ च्या २८९ ला हे दोन्ही भाग सोनेरी होते आणि सहा सिलिंडरच्या इंजिनाला लाल. 'के' कोडच्या जास्त ताकदीच्या २८९ ला क्रोमची कव्हरे येत, तो वेगळा विषय आहे. बॉनेट उघडताक्षणी कोणते इंजिन आहे ते कळावे, अशी ती सोय होती. पुढे सगळ्याच कंपन्या एकेका रंगावर आल्या. क्रायस्लरची इंजिने १९७२ च्या मॉडेलपासून निळी झाली आणि शेव्हरोलेचा प्रसिद्ध नारिंगी १९७७ च्या मॉडेलला निळ्याने बदलला गेला. म्हणूनच 'अमुक कंपनीचा रंग तमुक' हे वाक्य साल जोडल्याशिवाय अपुरे असते.

मात्र मॉडेलचे साल आणि कॅलेंडरचे साल एक नाही. १९६६ च्या गाड्या ऑगस्ट १९६५ मध्येच बनू लागल्या होत्या. त्यामुळे '१९६५ ची गाडी' एवढ्यावर काही ठरवू नये. पुढील गोष्टी पाहून कृपया येथे कळवा.

पहिली गोष्ट म्हणजे चॅसिस क्रमांकाची सुरुवात. त्यातला पहिला अंक मॉडेलचे साल सांगतो, त्यानंतरचे अक्षर कारखाना सांगते (एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर म्हणजे सॅन होजे, टी म्हणजे मेटचेन), पुढचे दोन अंक बॉडीचा प्रकार आणि त्यानंतरचे अक्षर इंजिन. सी असेल तर २०० अश्वशक्तीचे दोन बॅरलचे २८९ आणि ए असेल तर २२५ अश्वशक्तीचे चार बॅरलचे.

दुसरी गोष्ट म्हणजे ड्रायव्हरच्या दारावरच्या पट्टीवरील तारीख. ती अंक आणि अक्षर अशी असते आणि अक्षर महिना दाखवते. ए म्हणजे जानेवारी, पुढे क्रमाने, फक्त आय हे अक्षर वगळलेले आहे, म्हणजे एच हा ऑगस्ट आणि जे हा सप्टेंबर.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ओतकामाच्या तारखा. ब्लॉकवरची तारीख स्टार्टरच्या वरच्या बाजूला, ब्लॉकच्या क्रमांकाजवळ सापडेल. हेडवरची टॅपेट कव्हर काढल्यावर दिसते. इनटेक मॅनिफोल्डवर (कार्बुरेटरखालचा, हवा-इंधन सिलिंडरांकडे नेणारा ओतीव भाग) त्याची स्वतःची तारीख असते. यात साल, महिन्याचे अक्षर आणि दिवस असा क्रम असतो. १९६८ पूर्वीच्या साध्या इंजिनांवर फोर्ड चॅसिस क्रमांक कोरत नसे, त्यामुळे इंजिन याच गाडीचे आहे का हे तारखांच्या जुळणीवरूनच अजमावावे लागते. ओतकाम गाडी बनण्याच्या काही आठवडे आधीचे असेल तर ठीक. नंतरचे असेल तर तो भाग निःसंशय बाहेरून आलेला आहे.

काळवीट

थोडा मतभेद नोंदवतो. प्रदर्शनांमध्ये मी १९६५ च्या निळ्या इंजिनांच्या कितीतरी गाड्या पाहिल्या आहेत आणि त्यांपैकी काहींना बक्षिसेही मिळालेली आहेत. खाली सापडलेला काळा हा रंग नसून गंज न चढावा म्हणून दिलेले अस्तर असण्याची शक्यता कोणी विचारात घेतलेली दिसत नाही. माझी स्वतःची गाडी १९६६ ची आहे, त्यामुळे मला हा प्रश्न कधी पडला नाही. मी निळ्या रंगाचा तयार स्प्रे आणला आणि मारला. परंतु एका चौकोनावरून सगळे इंजिन काळे ठरवणे घाईचे होईल.

रंगछटा

काळवीट यांची शंका रास्त आहे आणि तिची परीक्षाही सोपी आहे. काळा जर अस्तर असेल, तर तो टॅपेट कव्हरवरही निळ्याच्या खाली मिळायला हवा आणि सोनेरी कुठेही मिळता कामा नये. तो मूळचा रंग असेल, तर ब्लॉकवर निळ्याखाली काळा आणि कव्हरवर निळ्याखाली सोनेरी असे दोन वेगळे क्रम सापडतील. पाहायचे कसे, ते जरा सविस्तर लिहितो, कारण खरवडून पाहणारे बहुतेक जण पुरावाच खरवडून टाकतात.

बहुतेक कारखान्यांत ओतीव लोखंडाच्या इंजिनाला प्रायमर देत नसत. इंजिन जुळवून झाले की त्यावर थेट इनॅमल फवारले जाई. त्यामुळे लोखंडाला चिकटून असलेला पहिला थर हाच साक्षीदार. पण इंजिन जुळवलेल्या अवस्थेत रंगवले जात असल्यामुळे कुठे शोधायचे याला एक तर्क आहे. जो भाग रंगाच्या आधी बसला, त्याच्या खाली कोरे लोखंड असते. जो भाग रंगाच्या नंतर बसला, त्याच्या खाली रंग जसाच्या तसा राहतो, कारण ऊन, उष्णता, तेल आणि पुढच्या रंगाऱ्याची बंदूक यांपैकी काहीच तिथे पोहोचत नाही. माउंटिंग गाडी जुळवताना बसते, म्हणून तुम्हाला तिथे चौकोन मिळाला. हेच उलट वाचले की मागच्या दुरुस्तीचाही माग लागतो. एखाद्या पॅकिंगच्या जोडावर, दोन भागांच्या मधल्या सपाट पृष्ठभागावर रंग उतरलेला दिसला, तर तो भाग सुटा असताना कोणीतरी रंगवला आहे. टॅपेट कव्हरसारखे सुटे रंगवले जाणारे भाग सोडले, तर कारखान्यात तसे होत नव्हते.

एक धोका मात्र आहे. इंजिन उघडणारे लोक ब्लॉक कॉस्टिकच्या टाकीत टाकतात आणि टाकीतून बाहेर येणारा ब्लॉक कोराच असतो. अशा ब्लॉकवरचा सर्वांत खालचा थर हा मूळचा नसून त्या गॅरेजचा असतो. तुमच्या ब्लॉकवर काळा शिल्लक आहे, म्हणजे मागच्या खेपेला त्यांनी ब्लॉक टाकीत घातलेला नाही, वरूनच पुसून रंगवला आहे. त्यांच्या आळसाचे आभार माना.

आता घोटण्याची पद्धत. नाण्याएवढी जागा निवडा. ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून लाकडाच्या छोट्या ठोकळ्यावर गुंडाळा आणि मधोमध लोखंड दिसेपर्यंत हलक्या हाताने गोल घोटा. मग ८००, मग १५०० आणि शेवटी २००० ने त्याच जागेच्या कडा पसरवत न्या. थर तिरके कापले जातात आणि झाडाच्या खोडावर दिसतात तशी वर्तुळे उमटतात. मधले लोखंड, त्याभोवती पहिला रंग, त्याभोवती दुसरा. ओल्या पृष्ठभागावर सर्व रंग प्रत्यक्षापेक्षा गडद दिसतात, म्हणून नोंद सुकल्यावर करा आणि दिवसाच्या उजेडात, ढगाळ आकाश असेल तर उत्तम. ट्यूबलाइटखाली ठरवलेली छटा बाहेर नेली की बदलते, हा अनुभव कापड घेतानाही येतोच.

किमान पाच ठिकाणी पाहा. दोन्ही माउंटिंगखाली, टॅपेट कव्हरच्या कडेला पॅकिंगलगत, टायमिंग कव्हरवर (इंजिनाच्या तोंडावरचे झाकण), चेंबरवर आणि इनटेक मॅनिफोल्डच्या पुढच्या टोकाला डिस्ट्रिब्युटरच्या मागे, जिथे कोणाचा हात पोहोचत नाही.

ओतीव_लोखंड

सविस्तर मार्गदर्शनाबद्दल दोघांचेही आभार. शनिवार आणि रविवार यातच गेले. निष्कर्ष माझ्या अपेक्षेपेक्षा गुंतागुंतीचे आहेत, म्हणून क्रमाने लिहितो.

चॅसिस क्रमांकाची सुरुवात ५आर०७सी अशी आहे, म्हणजे सॅन होजेची हार्डटॉप आणि दोन बॅरलचे २८९. दारावरची तारीख १४जी, म्हणजे १४ जुलै. ब्लॉकवर ५एफ२१, म्हणजे २१ जून १९६५. दोन्ही हेडवरही एफ हेच अक्षर आहे. इथपर्यंत सर्व सुसंगत आहे.

दोन्ही माउंटिंगखाली काळा आहे. चेंबरवर निळ्याखाली काळा आहे. उजव्या टॅपेट कव्हरवर वर्तुळे उमटली तेव्हा मी घरच्यांना हाक मारून दाखवली: बाहेर निळा, त्याच्या आत राखाडी प्रायमरची बारीक कड, त्याच्या आत पिवळट तपकिरी आणि मधोमध पत्रा. आधी मला ती तपकिरी छटा गंज वाटली. पण कव्हर उलटे करून पॅकिंग सोडवले, तर आतल्या ओठावर जिथे रंगाचे तुषार उडून वळले होते, तिथे तोच रंग स्वच्छ सोनेरी होता. डाव्या कव्हरवरही तसेच. काळवीट यांच्या अस्तराच्या शंकेचे उत्तर मिळाले असे मी समजतो.

टायमिंग कव्हरवर मात्र निळा थेट ॲल्युमिनिअमवर आहे, काळ्याचा मागमूस नाही.

आणि खरा घोळ इनटेक मॅनिफोल्डचा आहे. त्यावर काळा कुठेच नाही. वरच्या निळ्याखाली दुसरा निळा आहे, जास्त गडद आणि किंचित हिरवट, आणि तो थेट लोखंडावर आहे. दोन निळ्यांच्या मध्ये तेलाची पुटे राहून गेल्याने वरचा निळा तिथे सहज सुटतो.

अर्धाइंच_पाना

मॅनिफोल्डवरची तारीख पाहिलीत का? तुमच्या पोस्टमध्ये सगळ्या तारखा आहेत, तेवढी नाही.

ओतीव_लोखंड

राहून गेले. आता तारेच्या ब्रशने साफ करून पाहिले. ५एल८.

अर्धाइंच_पाना

मग कोडे सुटले. एल म्हणजे नोव्हेंबर. ८ नोव्हेंबर १९६५ ला ओतलेला मॅनिफोल्ड १४ जुलैच्या गाडीत कारखान्यातून येऊ शकत नाही. तो १९६६ च्या मॉडेलच्या इंजिनावरून काढून तुमच्या गाडीवर बसवलेला आहे. तिथला खालचा गडद निळा हा फोर्डनेच त्या दुसऱ्या इंजिनावर मारलेला निळा असणार आणि वरचा फिका निळा गॅरेजचा. मला तर वाटते की सारा गोंधळ इथूनच सुरू झाला. काळ्या-सोनेरी इंजिनाच्या मधोमध निळा मॅनिफोल्ड आला, तो विजोड दिसू लागला आणि मग कोणीतरी बाकीचे सर्व त्याच्याशी जुळवून घेतले.

टायमिंग कव्हरबद्दल दोन शक्यता आहेत. ते बदलले असेल, किंवा पंप बदलताना काढून घासून कोरे केले असेल. ॲल्युमिनिअमवरचा रंग तसाही लवकर सुटतो. त्याच्यावरून इतरांबद्दल काही अनुमान काढू नका.

काळवीट

अस्तराचा मुद्दा मी मागे घेतो. सोनेरीचा पुरावा निर्विवाद आहे. एक गोष्ट मात्र विचारतो. बदलाच्या त्या आठवड्यांत काही ब्लॉक काळे आणि कव्हरे निळी, अशी मिश्र इंजिने कारखान्यातून गेली नसतील का? १४ जुलै आणि ऑगस्ट यांत फार अंतर नाही.

अर्धाइंच_पाना

गाडी ऑगस्टची असती तर मी एवढ्या ठामपणे बोललो नसतो. त्या काळातल्या गाडीबद्दल मी फक्त तिच्या स्वतःच्या इंजिनावरच्या थरांवर विश्वास ठेवीन, कोणत्याही तक्त्यावर नाही. पण इथे ब्लॉक जूनचा, हेड जूनची, गाडी जुलैच्या मध्याची आणि दोन्ही कव्हरांच्या तळाशी सोनेरी आहे. मिश्रणाला जागाच उरत नाही.

प्रदर्शनांतल्या बक्षिसांबद्दल एक सांगतो. बारकाईने तपासणाऱ्या संघटना, उदाहरणार्थ १९७६ मध्ये सुरू झालेला मस्टँग क्लब ऑफ अमेरिका किंवा कॉर्व्हेटवाल्यांची १९७४ ची नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी, यांच्या परीक्षणात कारखान्याशी जुळणी पाहिली जाते. बाकी अनेक ठिकाणी चकाकीलाच गुण असतात. दोन्ही बक्षिसांची चित्रे शेजारी शेजारी ठेवली की लोकांचा गोंधळ होतो.

ओतीव_लोखंड

म्हणजे ब्लॉक, हेड, चेंबर, टायमिंग कव्हर आणि मॅनिफोल्ड काळे, आणि टॅपेट कव्हर व एअर क्लीनर सोनेरी. काळ्याची मला चिंता नाही. सोनेरी कोणता? माझ्याजवळ आत्ता एकाच कव्हरवर तीन सोनेरी आहेत: बाहेरचा तपकिरी, ओठावरचा स्वच्छ, आणि सुटलेल्या पापडीच्या मागच्या बाजूचा या दोहोंच्या मधला. बाजारात '१९६५ फोर्ड सोनेरी' म्हणून मिळणाऱ्या दोन डब्यांची झाकणेही एकमेकांशी जुळत नाहीत.

रंगछटा

या सगळ्या प्रकरणातला अवघड भाग हाच आहे, म्हणून घाई करू नका.

त्या काळच्या अल्किड इनॅमलचा बंधक उष्णतेने पिवळा पडतो आणि अंधारातही पिवळा पडतो. त्यामुळे इंजिनावरचा प्रत्येक जुना रंग पिवळ्याच्या दिशेने सरकलेला असतो. निळा हिरवट होतो, पांढरा हस्तिदंती होतो, राखाडी मातकट होतो. तुमच्या मॅनिफोल्डवरचा खालचा निळा 'किंचित हिरवट' दिसला, तो काही अंशी यामुळे असणार. सोनेरीला तर दुहेरी मार बसतो. सोनेरी रंग दोन प्रकारांनी बनतो. एकात तांबे-जस्ताची खरी पितळी भुकटी असते, जी हवा आणि आम्ल लागून तपकिरी किंवा हिरवट पडते. दुसऱ्यात ॲल्युमिनिअमची चंदेरी भुकटी आणि पिवळे रंजक असते, ज्यात धातू टिकतो पण रंजक आणि बंधक बदलतात. दोन्ही प्रकारांत गरम बाजूचा नमुना घेतला की उत्तर चुकते.

म्हणून टॅपेट कव्हरच्या ओठावरचा नमुना धरा. बाहेरचा सोडून द्या, पापडीची मागची बाजू फक्त पडताळ्यासाठी ठेवा. आणखी एक युक्ती आहे, जी रंगकामाच्या प्रयोगशाळेतल्या लोकांकडून मी शिकलो. अंधारात आलेला पिवळेपणा उजेडात काही प्रमाणात परत जातो. ओठावरच्या रंगाची छोटी पापडी काढून खिडकीत, काचेमागे आठ-दहा दिवस ठेवा आणि तिचीच दुसरी पापडी डबीत बंद ठेवा. दोन्हींत फरक पडला, तर खिडकीतली मूळ छटेच्या जास्त जवळ आहे. उष्णतेने आलेला तपकिरीपणा मात्र असा जात नाही.

यंत्राने मोजायचे असेल तर मर्यादा ओळखून मोजा. रंगाच्या दुकानातले हातातले यंत्र १९७६ मध्ये ठरलेल्या एल-ए-बी पद्धतीचे तीन आकडे देते: एल म्हणजे उजळपणा, ए म्हणजे हिरवा ते लाल, बी म्हणजे निळा ते पिवळा. दोन नमुन्यांतला फरक एकाच्या आसपास असेल तर डोळ्याला तो जेमतेम जाणवतो. काळ्या-निळ्या साध्या रंगांना हे छान लागू पडते. धातूची भुकटी असलेला रंग मात्र प्रत्येक कोनातून वेगळा दिसतो, त्यामुळे एकाच कोनातून मोजणारे यंत्र त्याबाबतीत अर्धवट साक्षीदार ठरते. शिवाय त्याच्या तोंडाएवढी सपाट जागा हवी आणि तुमचा ओठ तेवढा रुंद नसेल. सोनेरी शेवटी डोळ्यानेच जुळवावा लागेल: पत्र्याच्या पट्ट्यांवर डब्यांतला रंग फवारा, पूर्ण वाळू द्या, इंजिनाजवळच्या तापमानाला, म्हणजे ९० ते १०० अंश सेल्सिअसला तासभर तापवा आणि मग ओठाशेजारी धरून उभ्या, आडव्या, तिरक्या कोनांतून पाहा. झाकणावरचा रंग म्हणजे छापील शाई असते. तिच्याकडे लक्ष देऊ नका.

जुन्या छायाचित्रांचाही आधार कोणी सुचवील. रंगीत फिल्मच्या छटा वयाबरोबर सरकतात आणि जाहिरातीच्या पुस्तिकांतली इंजिने बरेचदा सजवलेली किंवा हाताने रंगवलेली असतात. कोणता भाग रंगीत होता आणि कोणता कोरा, एवढे त्यावरून कळते. छटा ठरवायला ती उपयोगाची नाहीत.

तेलकट_हात

सोनेरीच्या या भानगडीत जॅग्वारवालेही अनेक वर्षे अडकलेले आहेत. १९६१ मध्ये आलेल्या ई-टाइपच्या ३.८ लिटर इंजिनाचा ब्लॉक काळा आणि सिलिंडर हेड सोनेरी असे. जॅग्वारचीही पद्धत फोर्डसारखीच होती, हेडच्या रंगावरून त्याचा प्रकार ओळखायचा. त्याआधीची सी-टाइप हेड लाल असत. आता वाद असा की एका पक्षाच्या मते मूळ रंग सोनेरी होता आणि दुसऱ्याच्या मते भोपळ्याच्या सालीसारखा नारिंगीकडे झुकणारा. मी दोन्ही बाजूंचे वाचून कंटाळलो होतो, तेवढ्यात माझ्या हेडवरच एक्झॉस्टच्या बाजूला भोपळा आणि इनटेकच्या बाजूला एका खाचेत सोनेरी सापडला. माझ्या इंजिनापुरता माझा वाद मिटला. इतरांच्या इंजिनांबद्दल मी बोलत नाही.

ओतीव_लोखंड यांना एक सूचना आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड रंगवू नका. ते चालू गाडीत कित्येक शे अंशांपर्यंत तापतात आणि साधा इंजिनाचा रंग तिथे पहिल्याच फेरीत जळून जातो. कारखान्यातही ते कोरेच असत, फक्त ब्लॉक रंगवताना उडालेले तुषार कडेला लागलेले दिसत.

रंगछटा

तेलकट_हात यांच्या सूचनेला अनुमोदन. रंगवतानाही कारखान्याचाच क्रम धरा. इंजिन जुळवून घ्या, मग काळा मारा. बोल्टची डोकी, वायसर आणि पॅकिंगच्या बाहेर आलेल्या कडा ब्लॉकबरोबरच काळ्या झाल्या पाहिजेत. प्रत्येक बोल्ट वेगळा चमकवून बसवला की इंजिन दागिन्यासारखे दिसते, १९६५ सारखे नाही. टॅपेट कव्हर आणि एअर क्लीनर सुटे रंगवून नंतर बसवा. लोखंडावर प्रायमर नको, पण तेलाचा अंशही नको: आधी डिग्रीसर, मग गरम पाणी, मग लगेच कोरड्या हवेचा झोत आणि शेवटी थिनरचे फडके. दोन पातळ हात पुरतात. जाड हात दिला की ओतकामाचा खरखरीतपणा आणि तुम्ही एवढ्या कष्टाने शोधलेल्या तारखा बुजतात.

आणि कृपया मॅनिफोल्डवरचा तो खालचा निळा मोजल्याशिवाय घासू नका. तुमच्या उपयोगाचा नसला तरी १९६६ चा, पुन्हा न रंगवलेला आणि वरच्या थराखाली झाकून राहिलेला नमुना रोज मिळत नाही.

काळवीट

हेच लिहायला आलो होतो. त्या निळ्याचे आकडे मला हवे आहेत. मी स्प्रेचा डबा आणून मारलेल्या निळ्याबद्दल गेले चार दिवस मला झोप नाही.

ओतीव_लोखंड

महिन्याभराने लिहीत आहे, विलंबाबद्दल क्षमस्व.

सील बदलून, इंजिन जुळवून काळे केले. खिडकीतल्या आणि डबीतल्या पापड्यांमध्ये फरक पडला, फार नाही, पण शेजारी ठेवल्यावर घरातल्या तिघांनीही न विचारता खिडकीतली ओळखली. दोन डब्यांपैकी एक तापवल्यावर तिच्या बराच जवळ आला, दुसरा लिंबाकडे गेला. पहिला वापरला. तरी तो ओठावरच्या रंगापेक्षा किंचित जास्त चकाकतो, हे मान्य करतो. ती चकाकी मारण्याचा प्रयत्न मी केलेला नाही.

नोव्हेंबरचा मॅनिफोल्ड तूर्त ठेवला आहे आणि काळा केला आहे. योग्य तारखेचा मिळाला तर बदलीन. डाव्या माउंटिंगखालचा मूळचा काळा चौकोन मी चिकटपट्टीने झाकून तसाच राखला आणि त्यावर नवे रबर बसवले. पहिल्यांदा इंजिन गरम झाले तेव्हा दहाएक मिनिटे धूर आणि वास आला, मग थांबला.

काळवीट, मॅनिफोल्ड घासण्याआधी दुकानातल्या यंत्राने तीन ठिकाणी मोजून घेतले आहे. शिवाय नखाएवढ्या दोन पापड्या काढल्या आहेत, एक खिडकीत ठेवलेली आणि एक डबीतली. आकडे आणि पापड्या दोन्ही पाठवतो.

काळवीट

मिळाल्या, मनापासून आभार. माझ्या टॅपेट कव्हरवर ठेवून पाहिल्या. माझा निळा तुमच्या पापडीपुढे शाळेच्या बाकासारखा फिका दिसतो. खिडकीतली पापडीसुद्धा त्याच्यापेक्षा बरीच गडद आहे, त्यामुळे पिवळेपणाचे कारणही पुढे करता येत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या मागे माझ्या इंजिनावर काय आहे ते आधी पाहायला हवे होते. वॉटर पेपर आणला आहे.